औषध नसलेल्या आजाराचे औषध

(भाईंदर पश्चिमेतील एका वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय वैद्यकाचा आणि वक्ता मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला पत्रकार. ही विसंगती आपल्या लक्षात आली असेलच. संयोजकांना मी तसे सांगितलेही होते. त्यावर त्यांचे म्हणणे असे पडले की, डॉक्टरांचे ऐकायला माणसे दवाखान्यात जातातच. दवाखान्यात जाण्यापूर्वी घरात आणि कचेरीत जे घडते, ते कोणीतरी सांगायला हवे. तेवढेच सांगण्याचा माझा अधिकार आहे. बाकीची माहिती मी जाणकारांना विचारून आणि वाचून गोळा केली आहे.

२००३चा पावसाळा. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या मुद्रितशोधकांना आम्ही सगळे ‘मास्तर’ म्हणत असू. वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळचे गिरणगावातले. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी लालबागची खोली विकली आणि कुटुंब भाईंदरला आले. आपल्या या शहरात अशी हजारो कुटुंबे आहेत. सकाळच्या लोकलला आमची ठरलेली जागा असे. मास्तरांच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सुटत नसे आणि अग्रलेखातील अनुस्वारावरून संपादकांशीही ते वाद घालत.

त्या पावसाळ्यात त्यांच्या हातून चुका सुटू लागल्या. चार-दोन नव्हे, रोज. त्यावर त्यांना बोलणी बसली, मग ताकीद मिळाली. एके रात्री मी सहज त्यांची तपासलेली प्रुफे चाळली आणि चमकलो. प्रत्येक ओळीचा उजवा भाग पूर्वीइतक्याच काटेकोरपणे तपासलेला होता. डाव्या भागातील एकाही चुकीला पेन लागलेले नव्हते. पानाच्या मधोमध कोणी पट्टी ठेवून अर्धे पान झाकावे, तसे ते दिसत होते. मला ते विचित्र वाटले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. चष्मा बदलून घ्या, एवढे सांगून मी मोकळा झालो. पुढे ते गाडीच्या दाराच्या डाव्या कडेवर आदळू लागले. चहाचा पेला डाव्या हातातून सुटू लागला. बोलताना शब्द अडकू लागला. कचेरीत सर्वांनी एकमताने निष्कर्ष काढला : मास्तर पिऊन येतात. त्या निष्कर्षाला मीही मान डोलावली होती, हे आज इथे सांगितले पाहिजे. गणपतीच्या आधी त्यांना कामावरून कमी करण्यात आले.

त्यानंतरचा क्रम थोडक्यात सांगतो. आधी नवा चष्मा, मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मग ‘अर्धांगाचा सौम्य झटका’ म्हणून औषधे. दीड महिना असा गेला. अखेर मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील तरुण डॉक्टरने रक्ताची तपासणी सांगितली. मास्तर एचआयव्हीबाधित होते. त्याहून मोठा धक्का घरी बसला. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली वहिनींना एक अहवाल सापडला, १९९९ सालचा. मास्तरांना चार वर्षांपासून ठाऊक होते. त्यांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. त्यांनी उपचार सुरू केले नव्हते आणि पत्नीला तपासूनही घेतले नव्हते.

मेंदूचे एमआरआय चित्र आणि मणक्यातून काढलेल्या पाण्याची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी जे नाव सांगितले, ते मी वहीत देवनागरीत उतरवून घेतले : प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी. संक्षेपाने पीएमएल. सतत वाढत जाणारा, अनेक ठिकाणी उगवणारा, मेंदूतील पांढऱ्या द्रव्याचा आजार, असा त्या लांबलचक नावाचा साधा अर्थ.

हे पांढरे द्रव्य म्हणजे काय? विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे आवरण असते, तसे मेंदूतील तंतूंवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. संदेश वेगाने आणि न भरकटता जावा, हे त्याचे काम. ते तयार करणाऱ्या आणि राखणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. एक विषाणू नेमका या पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि त्यांना फोडून बाहेर पडतो. पेशी गेल्या की आवरण जाते आणि तंतू उघडे पडतात. मग ज्या भागातील आवरण गेले, त्या भागाचे काम थांबते. दृष्टीच्या मार्गावर घाव पडला, तर डोळा उत्तम असूनही अर्धे जग दिसेनासे होते. मास्तरांचे तसेच झाले होते. त्यांचे डोळे शाबूत होते. डावीकडचा मजकूर मेंदूपर्यंत पोहोचत नव्हता. कोणाचा हात-पाय लुळा पडतो, कोणाची वाणी जाते, कोणाचा तोल जातो, कोणाच्या स्वभावात फरक पडतो. बहुधा ताप नसतो, फारशी डोकेदुखीही नसते. आठवडे-महिने हे हळूहळू वाढत जाते. म्हणूनच ते आधी व्यसन वाटते, आळस वाटतो, वेड वाटते.

या आजाराचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९५८ साली ऑस्ट्रॉम, मॅन्कॉल आणि रिचर्डसन या तिघांनी त्याचे प्रथम रीतसर वर्णन केले. त्यांचे रुग्ण रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने आधीच पोखरलेले होते. प्रतिकारशक्ती खचलेल्या शरीरात एखादा विषाणू हे करीत असावा, असा तर्क रिचर्डसन यांनी पुढे मांडला. १९६५मध्ये विस्कॉन्सिनच्या गॅब्रिएल झुराइन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा मेंदूत विषाणूचे कण दिसले. तिथेच १९७१ साली बिली पॅजेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. ज्या रुग्णाच्या मेंदूतून तो मिळाला, त्याच्या नावाची आद्याक्षरे विषाणूला मिळाली : जेसी. १९८४ साली जगातील वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली सर्व प्रकरणे एकत्र केली, तेव्हा ती अवघी २३० भरली. इतका हा आजार दुर्मीळ होता. पण तोवर एड्सची साथ सुरू झाली होती. पाश्चात्त्य देशांत पुढे एड्सच्या दर शंभर रुग्णांत तीन ते पाच जणांना तो होऊ लागला. त्यांतील दहापैकी नऊ जण वर्षभरही जगत नसत.

आता एक गोष्ट ऐकून आपण कदाचित अस्वस्थ व्हाल. हा जेसी विषाणू आज या सभागृहातील निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात असण्याची शक्यता आहे. माझ्याही असेल. जगात प्रौढ माणसांपैकी बहुसंख्यांना तो कधीतरी, बहुधा लहान वयातच, स्पर्शून गेलेला असतो. त्याची काही लक्षणे दिसत नाहीत. तो मूत्रपिंडासारख्या ठिकाणी निपचित पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती जागी असेतो त्याचे काही चालत नाही. चोर बाहेरून येत नाही, घरातच आहे. फक्त पहारा जागा आहे. एचआयव्ही नेमका हा पहारा मोडतो. सीडी फोर नावाच्या पेशी, ज्या निरोगी माणसात घनमिलिमीटरला पाचशेच्या वर असतात, त्या दोनशेच्या खाली उतरल्या की असे अनेक झोपलेले शत्रू उठतात. तेव्हा पीएमएलच्या रुग्णापासून कोणी दूर पळण्याचे मुळीच कारण नाही. त्याच्याजवळ बसल्याने, त्याला भरवल्याने तो आजार आपल्याला होत नाही.

हा पहारा केवळ एचआयव्ही मोडतो असेही नाही. २००५मध्ये मज्जासंस्थेच्या एका वेगळ्याच आजारावरील नातालिझुमॅब हे नवे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना पीएमएल झाला आणि ते बाजारातून मागे घ्यावे लागले. पुढच्या वर्षी ते कडक अटींसह परत आले. तेव्हा हा आजार म्हणजे कोणाच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे.

भारतात एचआयव्हीचा शोध लागला १९८६ साली, चेन्नईत. पण इथे पीएमएल फारसा आढळत नसे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. एस. के. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये, म्हणजे योगायोगाने मास्तरांच्याच वर्षी, हा प्रश्न शोधनिबंधातून विचारला : भारतात आणि आफ्रिकेत हा आजार इतका कमी का? भारतात पसरलेला एचआयव्ही बहुतांशी ‘सी’ उपप्रकाराचा आहे. त्याचे आणि जेसी विषाणूचे पटत नसावे काय, अशी एक दिशा त्यात होती. दुसरी शक्यता मात्र मनाला चटका लावणारी आहे. आपल्याकडचा रुग्ण पीएमएल होण्याइतका जगतच नव्हता. त्याआधीच त्याला क्षयरोग नेत होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. धनेश्वर लांजेवार यांनी एड्सने दगावलेल्यांच्या मेंदूंचा शवविच्छेदनातून अभ्यास करून तो १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यात ठळकपणे दिसले ते टॉक्सोप्लाझ्मा, क्षय आणि क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी. शिवाय निदान होण्यासाठी एमआरआय लागतो आणि तो त्या काळी किती जणांच्या आवाक्यात होता? पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एचआयव्हीबाधितांत पीएमएलचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास निघाले. म्हणजे दुर्मीळ, पण शोधले तर सापडणारा.

इथे क्षणभर थांबून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, कारण घरी गेल्यावर हीच उपयोगी पडेल. एचआयव्हीबाधित माणसाचे बोलणे अडखळू लागले, एक बाजू लुळी वाटू लागली, वागण्यात फरक पडला, तर तो पीएमएलच असेल असे नाही. क्षयाचा मेंदूज्वर, टॉक्सोप्लाझ्मा, क्रिप्टोकॉकस हे आपल्याकडे त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक आढळतात आणि तिन्हींवर औषध आहे. दिवस न दवडता तपासणी झाली तर माणूस वाचतो. ‘आता काय उरले आहे’ म्हणून त्याला खाटेवर पडू देणे हा अपराध आहे. शब्द कठोर आहे, पण मी तो विचारपूर्वक वापरतो आहे.

आणि तो पीएमएलच निघाला तर? जेसी विषाणूला मारणारे औषध आजही नाही. कर्करोगावरील सायटॅराबिन वापरून पाहिले. १९९८ साली त्याचा निकाल आला, उपयोग शून्य. सिडोफोव्हिर झाले. मलेरियावरील मेफ्लोक्विन झाले. २०१९मध्ये अमेरिकेत कर्करोगावरचेच पेंब्रोलिझुमॅब आठ रुग्णांना देण्यात आले. पाचजणांत आजार थांबला किंवा काही सुधारणा दिसली. आशा वाटावी असे हे आहे, पण आठ रुग्णांवरून कोणी शास्त्र लिहीत नाही.

मग १९९६नंतर असे काय घडले की, वर्षभरात दहातले नऊ दगावत होते तिथे निम्मे किंवा अधिक जगू लागले? एचआयव्हीवरील तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती आली. ती जेसी विषाणूला हातही लावत नाही. ती फक्त पहारेकऱ्याला पुन्हा उभे करते. चोराचा बंदोबस्त मग तोच करतो. या आजाराचे एवढेच औषध आहे आणि ते आजार होण्याच्या आधी घेतले तर सर्वांत गुणकारी आहे. गेलेले आवरण बहुधा पूर्ण परत येत नाही. वाचलेल्यांतील अनेकांना लंगडत किंवा चाचरत उरलेले आयुष्य काढावे लागते.

त्यातही एक खाचखळगा आहे. गोळ्या सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती एकदम जागी होते आणि मेंदूतील विषाणूवर तुटून पडते. त्या धुमश्चक्रीत मेंदूला सूज येते आणि काही रुग्णांची प्रकृती आधीपेक्षा बिघडते. डॉक्टर प्रसंगी सूज उतरविणारी औषधे देतात, पण एचआयव्हीच्या गोळ्या सामान्यतः चालूच ठेवतात. घरच्यांना हे सांगितले नसेल, तर त्यांना काय वाटेल?

मास्तरांच्या बाबतीत सांगितले होते. तरीही व्हायचे ते झाले. औषधे तेव्हा विकत घ्यावी लागत. सिप्लाने २००१मध्ये या उपचाराची किंमत जगाला चकित करील इतकी खाली आणली होती, पण नोकरी गेलेल्या मुद्रितशोधकाला तीही जड होती. वहिनींनी पाटल्या मोडल्या. आम्ही काहीजणांनी वर्गणी काढली. तीत अपराधी भावनेचा वाटा मोठा होता. तिसऱ्या आठवड्यात मास्तरांची वाचा पूर्ण गेली. गावाहून आलेल्या थोरल्या दिरांनी निर्णय दिला : ‘या गोळ्यांनीच घात केला.’ गोळ्या बंद झाल्या. वहिनींचे तेव्हा घरात काही चालण्यासारखे नव्हते. डिसेंबरमध्ये मास्तर गेले. सोसायटीतल्या चारच माणसांनी खांदा दिला. कारण काय ते कोणालाही सांगितलेले नव्हते आणि सगळ्यांना ठाऊक होते.

त्यानंतर चार महिन्यांनी, १ एप्रिल २००४ रोजी, केंद्र शासनाने एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते.

मी अनेकदा विचार करतो की, मास्तर नक्की कशाने गेले? मृत्यूच्या दाखल्यावर काहीही असो, १९९९ ते २००३ ही चार वर्षे त्यांनी त्या अहवालावर दिवाळी अंक रचण्यात घालविली. हा माणूस भित्रा नव्हता. संपादकांना तोंडावर ‘आपला अनुस्वार चुकला’ म्हणणारा होता. मग तो घाबरला कोणाला? आपल्याला. लोकलमधल्या आम्हा चौघांना, सोसायटीच्या सभेला, थोरल्या भावाला. संयमाची शिकवण समाजाने जरूर द्यावी. मीही मुलांना तीच देतो. पण माणूस आजारी पडल्यावर त्याची परीक्षा घेत बसणे हे आपले काम नव्हे.

आपल्या समाजाला हे नवे नाही. कुष्ठरोगाच्या बाबतीत आपण हेच केले होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. सदाशिव गोविंद कात्रे तर स्वतः त्या रोगाचे रुग्ण होते; रुग्ण म्हणून वाट्याला आलेला अनुभव घेऊनच त्यांनी १९६२ साली चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. या मंडळींनी रुग्णाला विचारले नाही की, हे तुला कसे झाले. कुष्ठरोगावरील परिणामकारक बहुविध औषधोपचार आला तो १९८०च्या दशकात. माणसे मात्र त्याच्या कितीतरी आधी रुग्णांशेजारी जेवायला बसली होती. एचआयव्हीच्या बाबतीत क्रम उलटा झाला आहे. औषध येऊन वीस वर्षे झाली, शेजारी बसणारे अजून कमी आहेत.

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. आपले मीरा-भाईंदर २००१च्या जनगणनेत ५ लाख २० हजारांचे होते, २०११मध्ये ८ लाखांच्या वर गेले. कोण कुठून आले, शेजारी कोण राहते, हे कोणाला ठाऊक नसते. पूर्वी मला वाटे, या अनोळखीपणात आजार झाकून जगणे सोपे जात असेल. प्रत्यक्षात माणूस अधिकच एकटा पडतो. उत्तन-डोंगरीच्या कोळीवाड्यात निदान कोणी विचारायला तरी येते; आमच्या सातव्या मजल्यावर लिफ्टचे दार बंद झाले की संपले.

कायदा आता रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. संमतीवाचून चाचणी करता येत नाही, कोणाची स्थिती उघड करता येत नाही, त्या कारणावरून नोकरीवरून काढता येत नाही, भाड्याने घर नाकारता येत नाही. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी हे वाक्य लिहून घ्यावे. उपचाराचा नियमही बदलला आहे. सुरुवातीला सीडी फोर पेशी दोनशेच्या खाली जाईपर्यंत गोळ्यांसाठी थांबावे लागे. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवीत नेली आणि २०१७पासून बाधित ठरलेल्या प्रत्येकाला लगेच उपचार मिळतो. शासकीय आयसीटीसी केंद्रात चाचणी मोफत आणि गोपनीय असते. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे; त्यावर आपले नाव सांगावे लागत नाही.

वहिनींबद्दल सांगायचे राहिले. मास्तरांच्या मागे त्यांचीही तपासणी झाली आणि अहवाल तोच आला. दोन वर्षांनी सीडी फोर घसरल्यावर त्यांच्या मोफत गोळ्या सुरू झाल्या. मी त्यांना विचारूनच आज हे सर्व बोललो आहे. नाव घ्यायचे नाही, एवढीच त्यांची अट. त्यांनी पोळ्या लाटून दोन मुलांना शिकविले. धाकटी आता बँकेत आहे. बहुसंख्य लोकांत असतो तसा जेसी विषाणू त्यांच्याही शरीरात असेल. वीस वर्षांत तो उठलेला नाही. रात्री जेवण झाले की एक गोळी, ती चुकत नाही.

गेल्या आठवड्यात या भाषणासाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो. शेजारणींना त्या अजूनही ‘गुडघ्याच्या औषधाला जाते’ असे सांगतात. मी म्हटले, वहिनी, आता तरी सांगायला काय हरकत आहे? त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, आधी तुम्ही व्याख्यान देऊन या. लोक काय विचारतात ते मला येऊन सांगा, मग बघू.’

तेव्हा आपले प्रश्न असतील ते मोकळेपणाने विचारा. मला ते त्यांना सांगायचे आहेत.